अननसाच्या वासापासून लॉस एंजेलिसच्या धुरक्यापर्यंत

अननस आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला हे गोव्यात कोणाला वेगळे सांगायला नको. सोळाव्या शतकात ब्राझीलहून निघालेल्या जहाजांतून काजू, पपई, मिरची यांच्याबरोबर तोही आला आणि येताना आपले नावही घेऊन आला. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून तो आपण घेतला, आणि आज मराठीत व कोंकणीत तो असा रुळला आहे की परका वाटतच नाही. पिकलेला अननस घरात आला की तो कुठल्या कोनाड्यात ठेवला आहे हे विचारावे लागत नाही. वासावरून कळते.

हा वास म्हणजे नेमके काय? एखाद्या वस्तूचा वास आला याचा अर्थ त्या वस्तूतला अगदी सूक्ष्म अंश उडाला, हवेत मिसळला आणि आपल्या नाकापर्यंत पोचला. चैत्र-वैशाखात काजूच्या बोंडांचा वास बागायतीबाहेरच्या रस्त्यापर्यंत येतो, भट्टीवरच्या हुर्राकचा त्याहून लांब जातो, मोगऱ्याची वेणी माळून कोणी शेजारून गेले तरी मागे वास रेंगाळतो. अबोलीकडून नाकाला जाणवेल असे काही उडत नाही, म्हणून ती बिचारी बिनवासाची. पेट्रोल पंपावरचा वास, ओल्या रंगाचा वास, रॉकेलचा वास, नेलपॉलिशचा वास हेही त्याच जातीचे. साध्या तापमानाला सहज वाफ होऊन उडणाऱ्या या कार्बनयुक्त द्रव्यांना रसायनशास्त्रात बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना व्हीओसी म्हणण्याची पद्धत आहे. त्यांत निरुपद्रवी आहेत तशी बेंझीनसारखी कर्करोगाला कारण होणारीही आहेत. काहींना वास असतो, काहींना आपल्याला कळेल असा वास नसतो.

वाचकहो, या उडून जाणाऱ्या द्रव्यांचे पुढे हवेत काय होते, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या डोक्यात फारसा नव्हता. उडाले ते गेले, अशीच समजूत होती. ती समजूत खोटी ठरली ती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात, आणि ती खोटी ठरवणारा माणूस त्याआधी अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. त्या शोधाचा हा इतिहास आहे. शोध लागायला दोन-तीन वर्षे पुरली. तो मान्य करायला मात्र पाव शतक गेले.

आधी त्या जागेविषयी थोडे सांगायला हवे. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला व दक्षिणेला पॅसिफिक महासागर, उत्तरेला व पूर्वेला डोंगर. समुद्राचे पाणी थंड असल्यामुळे जमिनीलगतची हवा गार राहते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर येऊन बसतो. एरवी खालची हवा तापून वर जाते आणि धूर, धूळ, वाफा आपल्याबरोबर नेते. इथे मात्र वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि खालचे काही वर जाऊ देत नाही. ही गोष्ट मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. १५४२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या चाकरीतला दर्यावर्दी हुवान रोद्रिगेझ काब्रियो या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगींचा धूर त्याला हवेत तरंगताना दिसला आणि त्याने त्या उपसागराला ‘धुराचा उपसागर’ असे नाव दिले. हा काब्रियो पोर्तुगीज होता असे बराच काळ मानले जाई, अलीकडे तो स्पेनमधलाच असल्याचे पुरावे पुढे आले आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला होता, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल. झाकण तेव्हाही होतेच. त्याखाली भरायला तेवढे विष नव्हते.

चारशे वर्षांनी ते भरले. २६ जुलै १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत असे दाट धुरके पसरले की तीन चौकांपलीकडचे दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले, नाके वाहू लागली. पर्ल हार्बरला दोन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला अशी भीती पसरली. जपानचा त्यात काही संबंध नव्हता. मग संशय गेला तो ॲलिसो रस्त्यावरच्या एका कारखान्यावर. युद्धासाठी लागणारे कृत्रिम रबर बनवायला ब्युटाडाइन नावाचे द्रव्य लागते, ते तिथे तयार होई. लोकांनी आरडाओरड केली, कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. धुरके मात्र येतच राहिले. ब्युटाडाइन हे स्वतः एक बाष्पनशील संयुग आहे आणि आज ते कर्करोगकारक म्हणून ओळखले जाते. म्हणजे संशयाची जात बरोबर होती, पण एका कारखान्याला पकडून भागणार नव्हते.

त्या काळी हवा बिघडली म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे कोळसा, असे साधे समीकरण होते. ‘स्मॉग’ हा शब्दच मुळी १९०५ साली लंडनमध्ये धूर आणि धुके या दोन इंग्रजी शब्दांची सांधेजोड करून रूढ झाला. सेंट लुइस शहरात १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये भर दिवसा दिवे लावावे लागले होते. तिथे रेमंड टकर या प्राध्यापकांनी कोळशावर निर्बंध घालून हवा स्वच्छ करून दाखवली होती. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्यांनाच बोलावले. टकर आले, पाहून गेले आणि १९४७ च्या आरंभी त्यांचा अहवाल छापून आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि लॉस एंजेलिस काउंटीसाठी वायुप्रदूषण नियंत्रण यंत्रणा उभी राहिली. अमेरिकेतली ती अशी पहिलीच. तिने तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर लगाम घातला, ओतशाळांच्या धुरांड्यांना चाळण्या बसवल्या, उघड्यावर कचरा जाळणे थांबवले. पुढे १९५७ मध्ये घरोघरच्या परसातल्या कचरा जाळण्याच्या भट्ट्याही बंद केल्या. काळा धूर कमी झाला. डोळे मात्र पूर्वीसारखेच चुरचुरत राहिले.

शिवाय हे धुरके लंडनच्या धुरक्यासारखे वागतही नव्हते. लंडनचे यायचे थंडीत, ओलसर हवेत, रात्री आणि पहाटे. हे यायचे उन्हात. सकाळी नऊ-दहानंतर वाढायचे, दुपारी कळसाला पोचायचे, सूर्य कलला की उतरायचे. लंडनच्या हवेला गंधकाचा वास, हिला कपडे पांढरे करण्याच्या पावडरीसारखा. लंडनमध्ये जळणारा कोळसा इथे जवळजवळ नव्हताच. लॉस एंजेलिसमध्ये मोटारींच्या टायरना इतर शहरांपेक्षा लवकर भेगा पडतात अशी तक्रार होती. आणि भोवतालच्या भाजीच्या मळ्यांत १९४४ पासून एक नवाच रोग दिसू लागला होता. पालक, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्यांच्या पानांची खालची बाजू चकाकल्यासारखी चंदेरी किंवा तांबूस होई आणि पान वाळून जाई. कीड नाही, बुरशी नाही. भाजी मात्र बाजारात नेण्याजोगी राहत नसे. हवेला काही झाले आहे हे पानांनी माणसांच्या यंत्रांआधी सांगितले होते.

आता अननसाकडे येऊ. आरी यान हागेन-स्मिट हे १९०० साली हॉलंडमधल्या उत्रेख्त इथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतींच्या वाढीला कारण होणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकावर त्यांनी तरुणपणी काम केले, १९३७ मध्ये पॅसाडेनाच्या ‘कॅलटेक’ संस्थेत आले आणि तिथेच राहिले. पॅसाडेना हे लॉस एंजेलिसला लागूनच, डोंगराच्या पायथ्याशी. फळांचा, कांद्या-लसणाचा, मद्याचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो हा त्यांचा आवडता विषय. अननसाच्या गरातून उडणाऱ्या वाफा अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून नेऊन त्या गोठवायच्या, जे थेंब जमतील ते वेगळे करून एकेक द्रव्य ओळखायचे, असे ते काम. ढीगभर फळांतून हाती येणार काही थेंब. त्यांत मद्यार्क, इथिल ॲसिटेट आणि गंधक असलेले एक एस्टर अशी द्रव्ये त्यांना सापडली. हे निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाफा उद्‌ध्वनित्राइतक्या हलक्या हाताने पकडण्याचे हे कसब ज्याला येते त्याला शहराच्या हवेचीही परीक्षा करता येईल, हे ज्यांच्या लक्षात आले त्यांत आर्नल्ड बेकमन होते. वैज्ञानिक उपकरणे बनवणारे हे उद्योजक नव्या नियंत्रण यंत्रणेचे सल्लागार होते. त्यांच्या सांगण्यावरून हागेन-स्मिट यांनी अननसाच्या जागी पॅसाडेनाची हवा आपल्या थंड नळ्यांतून नेली. हजारो घनफूट हवेतून जे जमले ते काही थेंब तपकिरी, उग्र वासाचे पाणी. त्यांत त्यांना ॲल्डिहाइडे, आम्ले आणि सेंद्रिय पेरॉक्साइडे सापडली. ही द्रव्ये कोणत्याही धुरांड्यातून अशी थेट बाहेर पडत नाहीत. पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनचे अर्धवट ऑक्सिडीकरण झाले की ती बनतात. म्हणजे कोणीतरी हवेतच स्वयंपाक करत होते. सामान एकाचे नव्हते, चूल कुठे दिसत नव्हती, आणि शिजलेले मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत जात होते.

पुढचे प्रयोग पाहिले तर त्यांचा साधेपणा मनात भरतो. बंद कक्षात पालक, बीट, ओट, लसूणघास अशी रोपे ठेवली आणि आत ओझोन व पेट्रोलच्या वाफा एकत्र सोडल्या. पानांवर मळ्यांतल्यासारखेच चट्टे उठले. मग ओझोन न सोडता पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजन डायऑक्साइड घेऊन त्यांवर ऊन पडू दिले. ओझोन आपोआप तयार झाला, डोळे चुरचुरले, पाने करपली. रबराची पट्टी वाकवून त्या हवेत ठेवली तर काही मिनिटांत तिला भेगा पडल्या. भेगा पडायला किती वेळ लागतो यावरून हवेतला ओझोन मोजायची युक्तीही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने बसवली. टायरचे कोडे असे सुटले. १९५० मध्ये त्यांनी आपले म्हणणे जाहीर केले आणि १९५२ च्या निबंधात ते सविस्तर मांडले. पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा, इंजिनातल्या उष्णतेने तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कॅलिफोर्नियाचे प्रसिद्ध ऊन, या तिघांच्या मिलाफातून हे धुरके होते.

यातली खुबी जरा समजून घेण्यासारखी आहे. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. पण अणू सुटल्यावर मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन टाकतो आणि पूर्ववत होतो. उंदीर जन्माला येतो आणि मांजर शेजारीच बसलेले असते, असा हा प्रकार. तो असाच चालला तर हवेत ओझोन फार साठणार नाही. बाष्पनशील संयुगे मध्ये आली की मात्र हिशेब बिघडतो. उन्हात त्यांचे विघटन होताना जे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात, ते नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाताच परत डायऑक्साइड बनवतात. मांजराचे पोट दुसरीकडे भरते, उंदीर वाढत राहतात. या सगळ्या साखळीला सुरुवात करून देणारा हायड्रॉक्सिल नावाचा अल्पायुषी घटक आहे, हे १९६९ ते १९७१ च्या सुमारास स्पष्ट झाले. हागेन-स्मिट यांना तो ठाऊक नव्हता, तरी त्यांचा निष्कर्ष बरोबर निघाला. आकाशात उंचावर अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारा ओझोन तोच. जमिनीलगत श्वासातून आत गेला की फुप्फुसाच्या आतल्या नाजूक आवरणाला तो जाळतो, दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना अधिक.

शोध लागला, आता उपाय होईल असे वाटण्याजोगा तो प्रसंग होता. झाले उलटेच. तेल कंपन्यांच्या संघटनेने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे आपले स्वतंत्र संशोधन सोपवले होते. तिथल्या मंडळींना हागेन-स्मिट यांचे म्हणणे पटले नाही. त्यांच्यापैकी एकाने खुद्द कॅलटेकमध्ये येऊन व्याख्यान दिले आणि श्रोत्यांत बसलेल्या हागेन-स्मिट यांचे काम चुकीचे असल्याचे सांगितले. अननसाकडे परत जायच्या विचारात असलेला हा शांत माणूस त्या दिवशी दुखावला आणि धुरक्याच्या कामात पूर्णवेळ उतरला. पुढच्या काही वर्षांत इतरांच्या मोजमापांनीही त्यांचाच पक्ष खरा ठरवला. तेल कंपन्यांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायला हवी. पेट्रोलच्या मोठ्या टाक्यांवर तरंगती झाकणे बसवून वाफ कोंडायचा नियम १९५३ च्या सुमारास आला, तेव्हा उडून जाणारा मालही वाचू लागला. त्यामुळे तो भाग तुलनेने लवकर मार्गी लागला.

मोटारींचे तसे नव्हते. १९५० च्या सुमारास त्या एका काउंटीत सुमारे २० लाख मोटारी होत्या. त्यांच्या कार्बोरेटरमधून, टाकीतून, क्रँककेसच्या भोकातून आणि नळीतून न जळलेले पेट्रोल उडत होते. एकेका गाडीचा हिस्सा चिमूटभर, पण सगळ्या मिळून सगळ्यांत मोठा कारखाना. काउंटीच्या कारभारी मंडळातले केनेथ हान यांनी १९५३ पासून मोटार कंपन्यांच्या अध्यक्षांना पत्रे लिहायला सुरुवात केली. फोर्ड कंपनीकडून पहिले उत्तर आले ते असे, की गाडीतून निघणाऱ्या वाफा हवेत लगेच विरून जातात आणि त्यांच्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न उद्‌भवत नाही. उडाले ते गेले, ही जुनी समजूतच कंपनीच्या कागदावर टंकलिखित होऊन आली होती. हान पुढे १९६७ पर्यंत लिहीतच राहिले. अखेर १९६९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने बड्या मोटार कंपन्यांवर दावा लावला. प्रदूषण रोखणारी साधने लवकर बाजारात येऊ नयेत म्हणून कंपन्यांनी आपसांत संगनमत केले, असा आरोप होता. त्याच वर्षी तडजोड होऊन दावा मिटला, त्यामुळे आरोपाचा न्यायालयात निवाडा कधी झाला नाही.

तोपर्यंत कॅलिफोर्निया राज्य थांबले नव्हते. १९६१ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या गाड्यांत क्रँककेसमधल्या वाफा पुन्हा इंजिनात जाळणारी साधी झडप आली. १९६६ पासून गाडीच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनवर मर्यादा आली. देशात अशी ती पहिलीच. पुढे टाकीतून उडणारी वाफ पकडायला सच्छिद्र कोळशाचा डबा आला. १९६८ मध्ये राज्याच्या नव्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून हागेन-स्मिट यांचीच नेमणूक झाली. गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. १९७० च्या राष्ट्रीय कायद्याने मोटारींचे उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले आणि १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्याकडे हेच १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या मोटारींपासून सुरू झाले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. वीस-पंचवीस वर्षांचे अंतर म्हणतात ते हे. मंडळाच्या कडक भूमिकेवरून मतभेद होऊन १९७३ च्या अखेरीस रेगन यांनी हागेन-स्मिट यांना पदावरून दूर केले. १९७७ च्या मार्चमध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले.

या इतिहासात झाडांचाही एक अध्याय आहे. हागेन-स्मिट यांचे कॅलटेकमधले डच सहकारी फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये एक निबंध लिहिला. दूरच्या डोंगरांवर दिसणारी निळसर धूसरता ही झाडांनीच हवेत सोडलेल्या उडत्या द्रव्यांपासून होते, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपल्याला माहीत आहे की जगभरातली झाडे वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. बाष्पनशील संयुगांचा एकूण हिशेब मांडला तर झाडांचा वाटा माणसांपेक्षा कितीतरी मोठा. हेच धरून रेगन यांनी १९८० च्या निवडणुकीत प्रदूषणाला झाडेच अधिक जबाबदार असल्याचे बोलून दाखवले. त्यांच्या सभेच्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी एका झाडावर पाटी लावली. मी पुन्हा कोणाचा जीव घेण्याआधी मला तोडून टाका, अशा अर्थाची. थट्टा झाली, पण रेगन यांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता हेही सांगितले पाहिजे. १९८८ मध्ये विल्यम चामायडीस आणि सहकाऱ्यांनी अटलांटा शहराचा अभ्यास करून दाखवले, की जिथे भोवती भरपूर झाडे आहेत तिथे फक्त पेट्रोलच्या वाफा आवरून ओझोन फारसा कमी होत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडेही आवरावी लागतात. ती मुख्यतः इंजिनातून आणि भट्ट्यांतून येतात. झाडे लाखो वर्षे सुगंध सोडत आली आहेत. त्या सुगंधाचा विषात वापर करणारे दुसरे सामान आपण पुरवले.

आणि झाडांनीच त्याची किंमत मोजली. लॉस एंजेलिसपासून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेला सान बर्नार्डिनोच्या डोंगरांत पाँडेरोसा जातीचे पाइन वृक्ष १९५० च्या दशकात पिवळे पडू लागले. कारण कळेना. शहरात तयार झालेला ओझोन वाऱ्याबरोबर डोंगरापर्यंत पोचतो आणि पाने मारतो, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले. जिथे गाड्या धावतात तिथेच नुकसान होते असे नाही. वाऱ्याच्या दिशेला जो असेल त्याच्या अंगावर ते पडते. आपल्या देशापुरते बोलायचे तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ या एका वर्षात जमिनीलगतच्या ओझोनमुळे भारतात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन बुडाले, असा त्यांचा अंदाज. तेवढे धान्य सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांना पुरले असते. ते शेतकरी स्वतः किती पेट्रोल जाळत असतील?

लॉस एंजेलिसचे पुढे काय झाले ते सांगायला आनंद वाटतो. १९५५ मध्ये तिथे ओझोन हवेच्या दर दहा लाख भागांत ०.६८ भाग इतका चढला होता. आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेने २०१५ मध्ये ठरवलेली मर्यादा ०.०७० आहे. तितके भयंकर दिवस आता येत नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९६० पासून पन्नास वर्षांत तिथल्या हवेतली वाहनांपासून येणारी बाष्पनशील संयुगे ९८ टक्क्यांनी कमी झाली. त्याच काळात इंधनाचा खप तिपटीने वाढला होता. म्हणजे माणसांना मोटारी सोडाव्या लागल्या नाहीत. झडपा, डबे, कन्व्हर्टर आणि ते बसवायला लावणारा कायदा यांनी काम केले. तरीही शहर ओझोनची मर्यादा अजून वारंवार ओलांडते. २०१८ च्या एका संशोधनाने त्याचे एक कारण दाखवले. गाड्या स्वच्छ झाल्यावर रंग, साफसफाईची द्रव्ये, कीटकनाशके, चिकट पदार्थ आणि अत्तरे यांचा वाटा उघडा पडला. अशा प्रगत शहरांत खनिज तेलापासून आलेल्या बाष्पनशील संयुगांपैकी जवळजवळ निम्मी आता यांतून येतात.

आपल्या गोव्यालाही पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री आहे, पण हे साम्य फार ताणू नये. आपल्याकडे चार महिने पाऊस हवा धुऊन काढतो, वारे वेगळे, समुद्र उबदार. मात्र ओझोनला जे तीन पदार्थ लागतात त्यांपैकी दोन निसर्गानेच आपल्याला भरभरून दिले आहेत. ऊन आणि रानातल्या झाडांच्या वाफा. तिसरा आपण रस्त्यावर आणतो. एकेकाळी पणजीच्या कदंब स्थानकाजवळ दोन-स्ट्रोक स्कूटरांचा निळा धूर दिसायचा. त्या इंजिनात पेट्रोलचा मोठा भाग न जळताच बाहेर पडे. त्या स्कूटर गेल्या, एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम आले, ही मोठीच सुधारणा. पण आता गोव्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला आली आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि बेंझीनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. हवेची चर्चा निघाली की आपण धुळीचे आकडे विचारतो, खाणीच्या ट्रकांमुळे ती सवय लागली आणि ती योग्यच आहे. हे दोन आकडेही विचारायला हवेत, कारण धूळ खिडकीच्या गजावर दिसते, हे दिसत नाही.

चवथीच्या आधी घराला रंग काढताना पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग निवडणे आता अवघड राहिलेले नाही. पेट्रोल भरताना नोझल आपोआप थांबल्यावर ‘आणखी थोडे बसेल’ म्हणून वरून ओतायला लावू नये. थिनरचा, टर्पेंटाइनचा डबा उघडा टाकू नये. या गोष्टी किरकोळ आहेत आणि त्यांनी कायद्याचे काम होणार नाही, हे लॉस एंजेलिसच्या इतिहासावरून उघड आहे. पण तिथल्या वीस लाख मोटारींतही प्रत्येकाचा हिस्सा किरकोळच होता. पंपावर तो ओळखीचा वास आला की एवढे लक्षात असू द्यावे, की टाकीतून काहीतरी आत्ताच निघाले आहे आणि त्याचा प्रवास आपल्या नाकापाशी संपणार नाही.